ऐंशीच्या पुढे

नागठाण्याच्या पुढं, सर्व्हिस रोडला
माझं वॉशिंग सेंटर.
बोर्डावर मोटार काढलीय, तिला चाकं तीन.
चौथ्याचे पैसे मागायला रंगारी परत आलाच नाही.

त्याआधी अकरा वर्षं चाळकेवाडीच्या पठारावर
पवनचक्क्यांची पाती पुसली.
दोराला लटकून, चैत्रात, वारा पडलेला असताना.
पात्याच्या पुढच्या धारेवर किडे वाळलेले असायचे,
मोहरीएवढे, एकावर एक.
साइटवरचा इंजिनियर सांगायचा, मुलाणी,
एवढ्याशानं वारा पात्यावरून सुटतो
आणि खाली मीटरवर युनिटं कमी पडतात.
मोहरीएवढे किडे!
मला पटायला एक अख्खा हंगाम लागला.

म्हणून बाबर सरांनी विचारलं तेव्हा मी हसलो नाही.
राखाडी गाडी, डॅशबोर्डवर वही,
वहीत रकाने: तारीख, लिटर, किलोमीटर,
आणि शेवटी, तिरप्या अक्षरात, धुतलेली की न धुतलेली.
"दिलावर, वॅक्स मारलं की वारा घसरतो का रे?"

सर, पाणी घसरतं.
बॉनेटवरून गोट्यांसारखं पळतं, बघायला बरं वाटतं.
वाऱ्याचं तसं नाही.
त्याचा अगदी खालचा पदर, केसाहून बारीक,
पत्र्याला धरून बसतो.
तुम्ही शंभरनं जा, तो जागचा हलत नाही,
तुमच्याबरोबर फुकट प्रवास करतो.
नाहीतर ही धूळ सांगा, कऱ्हाडहून इथवर टिकली कशी?
मागच्या काचेवर कुणा पोरानं बोटानं लिहिलंय "मला धुवा",
त्यातला एक काना उडालेला नाही.

सर काचेकडं बघत राहिले.
मग पेनचं टोपण काढून म्हणाले,
तरी करून बघू.

केलं.
एका रविवारी तशीच, मळकी. टाकी गच्च, काचा बंद,
सातारा ते कऱ्हाड, मी शेजारी बसून.
पुढच्या रविवारी शाम्पू, दोन हात वॅक्स,
दारात माझा चेहरा दिसेपर्यंत कापड फिरवलं.
फरक निघाला अर्ध्या किलोमीटरचा.
"आला की रे!" सर म्हणाले, आणि खाली दोन रेघा ओढल्या.
त्या दिवशी अतीतपासून उंब्रजपर्यंत
आम्ही एका कंटेनरच्या मागं होतो.
आमच्या वाटणीचा वारा तो फोडत चालला होता.
मी ते बोललो नाही.

बोललो ते दुसरंच.
सर, पत्रा राहू द्या. वारा अडतो तो टपावर.
हा रिकामा कॅरिअर काढा,
आणि त्याच्यावरचा हा पाईप.
चार इंची, पांढरा, पीव्हीसीचा,
एका बाजूचं टोपण गेलेलं.

"मृणालीचे भाले असायचे त्यात," सर म्हणाले.
तीन भाले. पहाटे साडेपाचला स्टेडियम.
आता ती सिकंदराबादला, रेल्वेत,
खांद्याच्या ऑपरेशननंतर टेबलावर काम करते.
"काढला तर किती वाचेल?"
लिटरमागं एक तरी, सर. जास्तच.

त्यांनी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला.
वर लिहिलं, कॅरिअर.
खाली काहीच लिहिलं नाही.
गाडी सुरू करता करता, माझ्याकडं न बघता म्हणाले,
"ऐंशीच्या पुढं तो शीळ घालतो.
एरवी मी काच जराशी उघडी ठेवतो."

मायलेज मोजणारा माणूस. काच उघडी.

परवा गाडी आली तेव्हा
काठीला फडकं बांधून पाईप आतून पुसला.
मैदानाची तांबडी माती निघाली, चिमूटभर,
आणि एक वाळलेली गांधीलमाशी.
बाहेरून वॅक्स मारलं, उगाच.
चार इंची टोपण माझ्या शेडमध्ये पडून आहे,
नवंकोरं, त्याच मापाचं.
ते मी बाहेर काढलं नाही.