एक शून्य जास्त पडलं

बाप माझा खोटं गिऱ्हाईक होता
चिकोडीच्या गुरांच्या बाजारात.
दलालाच्या टॉवेलखाली हात घालायचा,
बोटं दाबायचा,
एक बोट म्हणजे शंभर, अख्खी मूठ म्हणजे पाचशे,
आणि खरा घेणारा शेजारी उभा राहून
बापाच्या भुवईवरून भाव वाचायचा.
बैल पुरेसा महाग झाला की बाप म्हणायचा,
"धाकट्याला इचारून येतो, थांबा."
धाकटा त्याला नव्हताच.
तो जायचा भज्याच्या गाड्यावर.
दोन रुपये आणि एक प्लेट, ही मजुरी.

मी निपाणीत बसते, मगदूमच्या दुकानावरच्या माळ्यात.
पूर्वी वखार होती इथं. पाऊस नसला तरी
भिंतीतनं तंबाखू शिंका काढते.
दोन फोन, पाच नावं :
रायबागचे निवृत्त मास्तर, हुबळीची एक हौशी बाई,
दोन नुसतीच आद्याक्षरं,
आणि एक पोरगा, ज्याच्या फोटोत मोटारसायकल आहे.
मगदूम जुनी भांडी, समया, घड्याळं गोळा करून आणतो,
फोटो काढतो, लिलावाला टाकतो.
भाव मी चढवते.
बोलीमागे चार रुपये.

त्या आठवड्यात पितळी तागडी होती.
एक पारडं मूळचं, एक मागनं बसवलेलं,
साखळीत एक कडी नुसती तारेची.
बाराशेपासून सुरू.
समोर एकच जण, नाव घटप्रभा६१.
पन्नास-पन्नासनं यायचा. शंभर कधीच नाही.
रात्री पावणेदहानंतर.

मी ठरवून टाकलं : गोकाकचा असणार,
गिरणीतनं सुटलेला, चष्म्याला दोरी,
आणि आतनं बायको विचारत असणार, "एष्टातु?"
तो म्हणत असणार, "इन्नू स्वल्प."
ही तागडी कधीतरी त्याच्याच दुकानात असणार,
तारेची कडी त्यानंच घातलेली.
मास्तरांनी दीडशे वाढवले, तो पन्नासनं वर.
हुबळीच्या बाईनं दोनशे, तो पन्नासनं वर.
उशीर झाला तर मी खिडकीतनं बघायची,
लाईट तर गेली नाही ना गोकाकची.
इथनं काय दिसणार? खरं बघायची.

सहाव्या रात्री पाच हजार दीडशे झाले
आणि मला त्याच्या औषधाची बाटली दिसली.
मी दाबलं : बोली मागे घ्या.
कारण निवडा.
चुकून जास्त आकडा पडला.
मास्तर उठले. बाई उठल्या.
आद्याक्षरं उठली, मोटारसायकल गेली,
भरल्या पंगतीतनं पाच जण एकदम उठावेत तसं.
भाव धाडकन साडेबाराशेवर आला.
घे बाबा, म्हटलं. घेऊन जा तुझी तागडी.

सकाळी बघते तर तोही नाही.
कारण : चुकून जास्त आकडा पडला.
बाराशे, आणि समोर कुणीच नाही.

मगदूम जिना चढून आला, ओरडलाही नाही,
हसत हसत खाली बसला.
"अगं मालन, ते आपलंच पोरगं की,
यमकनमर्डीत बसवलंय त्याला.
दोघंबी एकदम उठलासा व्हय?"

दिवसभर मोजत बसले,
माझ्या पाचांतल्या कुणासाठी उठला असेल तो.
मास्तरांसाठी? की त्या बाईसाठी,
जिला मी इतकी हौस दिली होती?
त्यानं तिला कुठलं घर दिलं असेल,
किती पोरं, कसला आजार?

बाप गेला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं
मिटता मिटत नव्हती.
टॉवेलखाली पलीकडचा हात कधी उलटा दाबायचा का,
हे त्याला विचारायचं राहिलं.

आज नवीन माल : भिंतीवरचं घड्याळ, लंबक नाही.
मी मास्तरांच्या नावानं सहाशे टाकले.
पावणेदहा वाजून गेले.
मग आले, साडेसहाशे.

मी सातशे केले.
चार रुपये त्याला, चार मला,
आणि घड्याळ मगदूमचं.