शिक्षण : किती वर्षे

ट्रॉम्सो. दुपारचे बारा, आणि बाहेर निळा अंधार.
सूर्य जानेवारीपर्यंत रजेवर.
दवाखान्यात राग्नहिल्ड फॉर्म भरते आहे :
आईचं शिक्षण किती वर्षे?
सोळा, मी म्हणते.
तिचं पेन खुशीत पुढच्या रकान्यात उतरतं,
उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं :
अंगावर पाजता ना?

माझी आई पर्पेतुआ, दोन इयत्ता.
नेग्रोसच्या उसात मोळ्या बांधायची.
सरीत बसून, पाचोळ्याच्या सावलीला,
पाच जणांना पाजलं तिनं,
पुढचं पोटात येईपर्यंत मागचं अंगावर.
मला तर पावणेतीन वर्षं.
मी खेळता खेळता यायची, तिचा सदरा ओढायची,
पिऊन पुन्हा खेळायला जायची.
कुणी विचारलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही.
"डब्याचे पैसे नाहीत ना,
मग काय करतील बिचाऱ्या,"
मुकादमाची बायको म्हणायची.

म्हणून मिलाग्रोस, माझी थोरली,
गावातली पहिली पदवीधर,
हायस्कुलात भूमिती शिकवायची,
तिच्या बाळासाठी डबा आला.
पत्र्याचा, परदेशी,
पदवीच्या फोटोशेजारी मांडलेला,
झाकण पुसून पुसून चकचकीत.
शिकलेल्या बाईनं का म्हणून अंगावर पाजायचं?
हे तिला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं,
तरी तोंडपाठ होतं.
एकदा खिडकीखालून कुणाचं तान्हं रडत गेलं
आणि भर तासाला तिला पान्हा फुटला.
उरलेला तास तिनं फळ्याकडे तोंड करून
नुसती वर्तुळं काढली.
आई काही बोलली नाही.
रिकामा डबा धुऊन
तिनं त्यात मिरची लावली.

इथे उलटं.
इथे प्राध्यापक बाई कॅफेत
लोकरीचा कोट बाजूला सारून
कॉफी निवेपर्यंत पाजत बसते.
आणि सीव्ह, मासळीच्या कारखान्यातली,
एकोणीस वर्षांची, शाळा अर्ध्यात सोडलेली,
माझ्या शेजारच्या खुर्चीत
मफलरीखाली बाटली हलवते,
चोरी केल्यासारखी.
तिच्याशी कुणी वाईट बोललेलं नाही.
फक्त भिंतीवर पोस्टर आहे.

आणि मी, सोळा वर्षं शिकलेली नर्स,
लोकांच्या शिरेत सुई पहिल्या झटक्यात घालणारी,
मला माझं बाळ धरता येत नाही.
चिरा पडल्यात. तो रडतो, मी रडते.
पत्रकातली बाई तेवढी हसते आहे.

रात्री फोन लावते. तिकडे पहाट.
आई उशी उचलते, छातीशी धरते :
कोपर असं. खांदा सैल सोड.
त्याला तुझ्याकडे आण,
तू त्याच्याकडे वाकू नकोस.
नाही गं, पोटाला पोट लागू दे.
असं.
हं.
जबडा हलतो. मग घोट ऐकू येतो,
तिकडेही ऐकू गेला असावा,
कारण आई गप्प झाली आहे.

तिच्या मागे, दिव्याच्या उजेडाबाहेर, मिलाग्रोस.
तिचा मुलगा आता जहाजावर इंजिनियर आहे,
धडधाकट, दारातून वाकून आत येणारा.
कुणाचं काही बिघडलं नाही.
तरी किती वेळ ती
त्या उशीकडेच बघते आहे.

"तो ब्लाउज निळा होता," ती मध्येच म्हणते.
"डाग लगेच गेला.
साध्या पाण्यानं."