मुळाक घाल, माथ्यार नको

बांबोळीला नेताना फिलोमेनाबाई
रिक्षात बसता बसता म्हणाल्या,
"आबोलीक पाणी घाल. मुळाक. माथ्यार नको."
दुखण्याबद्दल अवाक्षर नाही.

मी त्यांचा भाडेकरू, तालुका कचेरीतला,
जन्मात कोथिंबीर न पेरलेला.
आता रोज चिऱ्याच्या गडग्याशी तांब्या घेऊन वाकतो.
मासळी धुतलेलं पाणी, दोन दिवस मुरवलेलं,
एकाला चार साधं मिसळून;
मांजर पायांत, बोटं नाकावर.
उभादांड्याचा वारा पानं खारवतो
म्हणून समुद्राच्या अंगाला झापांचा आडोसा बांधला.
दोनदा पडला.

रात्री त्यांचा फोन: फुलं किती?
बावन्न, मी मोजून सांगतो.
"आणि वळेसर कोणाक दिलस?"
कोणालाच नाही. झाडावरच सुकली.
मग बराच वेळ वॉर्डातला पंखा ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी केळीचं सोपट सोलून दोर काढला.
एक तास. एक वीत माळ, तीही पिळवटलेली.
बांगडे घेऊन आलेली सुलक्षा खवणेकर
"हो वळेसर काय सुंभ?" म्हणाली,
आणि टोपली उतरवून केसांत माळला.

काल हात हलला.
बियेसाठी राखलेल्या वाळक्या तुऱ्यांवर
पाणी सांडलं.
तड्.
मग तड् तड्,
बिया हनुवटीवर, खिशात, गडग्यापार.
अबोली म्हणे!

आज रात्री फोन आला तेव्हा
मी आकडा सांगितला नाही.
म्हटलं, थांबा,
फोन तुऱ्यापाशी धरला
आणि मुद्दाम, माथ्यावरच,
तांब्या कलंडवला.