बदली

विश्राम फणसेंचे वडील गिरणीत बदली कामगार.
पहाटे डबा घेऊन दाराशी उभं राहायचं
आणि कुणाला तरी ताप यावा एवढंच मागायचं,
देवाकडे नाही, मुकादमाकडे.
ताप नाही आला तर डबा उन्हातून परत.

मुलगा बाकावर बसायला
त्या डब्याकडूनच शिकला असावा.

कोल्हापूरला एक हंगाम, मडगावला अडीच,
नागपुरात रेल्वेकडून, तेही कंत्राटी.
कोलकात्यात खालच्या डिव्हिजनला
ते त्याला फोन्शेदा म्हणायचे, मासा वाढायचे,
पगार पुढच्या महिन्यात.
मग बंगळूर. मग पुन्हा मडगाव,
क्लब दुसरा, खाट तीच.
एकशे त्रेचाळीस सामने,
त्यातले सत्त्याण्णव बाकावरून उठून.
गोल तीन. एक पाठीला आपटून गेलेला,
तोच त्याचा लाडका:
"दोन मी मारले. हा मला मिळाला."

गुडघा गेला तेव्हा बडोद्याला परत.
दांडिया बाजारात मेहुण्याच्या दुकानावर चार महिने,
सुट्टे पैसे मोजताना
काउंटरखाली पाय हलायचा.

मग आमचा क्लब. विश्वामित्रीच्या काठी मैदान,
एका गोलमागे जाळी, दुसऱ्यामागे नदी.
उंच मारलेला चेंडू थेट पाण्यात,
आणि पाण्यात मगरी.
मगर यायची, नाक लावायची, सोडून द्यायची.
उतरायचं कुणी?
सर वहीत लिहायचे: चेंडू एक, नदी.
"खाली ठेवा रे. वर गेलेलं परत येत नाही."
जमिनीलगतचा पास आम्ही मगरींकडून शिकलो.

शिव्या गुजरातीत, समजूत मराठीत,
हिंदी फक्त रेफ्रीसाठी.

मला त्यांनी काढलं एकदा, अडतिसाव्या मिनिटाला.
उपांत्य सामना. काका सुरतेहून आलेले.
पत्र्याची पाटी, त्यांनीच घरी रंगवलेली,
तिच्यावर माझा सात.
कारण नाही, खांद्यावर हात नाही.
मी पाण्याची बाटली लाथाडली
आणि त्यांच्यापासून तीन जागा सोडून बसलो.
पेनल्टीवर हरलो.

एकवीस वर्षं तो राग मी सांभाळला.
बँकेनं जिथं जिथं बदली केली
तिथं तिथं खोक्यात भरून नेला,
दाहोद, भुज, वापी.

परवा शेव-उसळीच्या गाडीवर भेटले.
तरी जास्त मागत होते, डॉक्टरांनी नको म्हटलेली.
विचारलंच मी. वाटलं, विसरले असतील.

"नाडी," म्हणाले. "डाव्या बुटाची.
दोनदा सुटली, बांधलीस.
तिसऱ्यांदा सुटली तेव्हा खाली बघितलंस
आणि तसाच पळत राहिलास.
दमलेला माणूस आधी आपल्या नाडीशी खोटं बोलतो.
सत्त्याण्णव वेळा मी बाकावरून हेच बघितलंय.
कुणाची नाडी.
बापानं बघितला, कुणाचा ताप."

मग हरलो का, सर?

"ज्याला घातला तो तुझ्याहून वाईट होता."
आणि पाव मोडून उसळीत बुडवला.

गेल्या आठवड्यात कमिटीनं त्यांनाही काढलं.
नवा मुलगा आलाय, लायसन्सवाला,
गळ्यात शिट्टी नाही, हातात टॅबलेट.
सामान मोजून द्यायला गेले होते:
जर्सी बावीस, जाळ्या दोन, शंकू अठरा,
चेंडू चौदा.
कारकून म्हणाला, पंधरा आहेत कागदावर.
"एक नदीत."
"मग खोडू?"
"खोडू नका. माझ्या नावावर राहू द्या.
पाणी ओसरलं की बघू."

पैसे त्यांनीच दिले, माझा हात बाजूला करून.
उठताना गुडघ्यावर तळवा टेकला
आणि सवयीनं माझ्या पायांकडे बघितलं.

मी चपला घातल्या होत्या.