चुकून लागलेलं तेल

डेटनला मी लोकांचे दात साफ करते.
इथे केंटकीच्या डोंगरात, बापाच्या शेडमध्ये,
गेले नऊ दिवस बिडाचे तवे.
फारसा फरक नाही. दोन्हीकडे लोक
आधी ओशाळतात, मग म्हणतात,
असं नव्हतं हो, रोज घासायचो आम्ही.

लिक फोर्कला पूर आला
तेव्हा हलकं होतं ते सगळं गेलं,
पातेल्या, खुर्च्या, कोंबड्यांचं खुराडं.
बीड बुडलं आणि बुडलं तिथेच राहिलं
चिखलाच्या पोटात, नारिंगी होत.
आता लोक फावड्याने उकरतात,
पिकअपच्या मागे टाकून आणतात
ऑर्बी स्लोनकडे. एकतीस वर्षं त्याने
शाळेची बस चालवली.
कुठलं पोर कुठल्या वळणावर उतरायचं
अजून त्याला पाठ आहे.
तवेही तो तसेच ओळखतो.

निळ्या टबात पाणी, मूठभर धुण्याचा सोडा,
ट्रॅक्टरच्या बॅटरीचा चार्जर,
एक तार तव्याला, एक गंजक्या पत्र्याला.
रात्रभर बारीक बुडबुडे.
सकाळी पाण्यावर तपकिरी साय.
मी घासते. तो लगेच शेगडीवर धरतो,
कारण नागड्या बिडाला थेंबसुद्धा सोसत नाही,
पाठ फिरवली की गंज.

पण त्याही आधी
तो तवा एका बोटावर टांगतो,
हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकतो,
कान लावतो.
घंटेसारखा वाजला तर ठीक.
बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे,
दिसो न दिसो.
तसले सहा, भिंतीकडे तोंड करून.

मग तेल.
लाव, म्हणतो. आता पूस. अजून पूस.
चुकून लागलं होतं असं समज
आणि सगळं काढून टाक.
काढूनही जे निघत नाही
तेवढंच भट्टीत टिकतं.
जाड थर मधासारखा चिकटतो,
पुढे पोपडे धरतो.

आई गेली त्या दिवशी
तो एवढंही बोलला नव्हता.

तिचा तवा सापडलेला नाही.
तो विचारत नाही कुणाला,
फक्त येईल त्या तव्याची कड
अंगठ्याने चाचपतो.
आई डावखुरी होती.
पन्नास वर्षं लोखंडी उलथनं
एकाच बाजूला फिरलं
की बीडही झिजतं,
पायरीचा दगड झिजावा तसं.

मंगळवारी एक निघाला, वाळूच्या बांधातून,
दीड मैल खाली.
गंज गेला तशी कड दिसली.
बापाने अंगठा तिथे ठेवला
आणि बराच वेळ उचलला नाही.
मी टबातलं पाणी बदलायला गेले.
पाणी बदलायची गरज नव्हती.

दुपारी ओमा कॉडिल आली,
चर्चने दिलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या चपलांत.
घराची फक्त पायरी उरलीय तिच्या.
रांगेतून तिने तोच उचलला.
हाच, म्हणाली, हाच माझा,
आणि वहीत सही केली.
उजव्या हाताने.

मी तोंड उघडलं.
बापाचा बूट माझ्या पायावर आला,
हळूच, पण पूर्ण वजनाने.

ओमा, तो म्हणाला, टोमॅटो घालू नकोस वर्षभर.
साबणाला भिऊ नको, पाण्याला भी.
धुतलास की विस्तवावर ठेव, मग थेंबभर तेल,
आणि ते पुसून टाक.
चुकून लागलं होतं असं समज.

ती हो हो म्हणत गेली,
तवा छातीशी धरून, जड लेकरासारखा,
ब्लाउजवर काळा डाग पडतोय
हे तिच्या लक्षात नव्हतं.

तिचाही असेल, मी म्हणाले. डावखुरी
काय एकटी आईच होती?
त्याने पुढचा तवा बोटावर टांगला.
गप्प बस, म्हणाला,
ऐकू दे.