हजार मैलांमागे

तेल ओतायच्या झाकणावर एक
आणि खालच्या बोल्टवर एक,
आम्ही पिवळ्या रंगाचे ठिपके देतो.
कुणी मध्येच उघडलं तर कळावं म्हणून.
मग सांगतो: हजार मैल चालवा,
थेंबभरही घालू नका, परत या.
आम्ही मोजू.

"आणि तोवर इंजिनच बसलं तर?"
लव्हॉन चेलस्टाडने विचारलं.
दिवा लागला तर फोन करा, मी म्हणालो.
काउंटरच्या अलीकडचा माणूस
याहून जास्त बोलत नाही.

वॉसॉच्या उत्तरेला, जिथे रस्त्यांना
नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत,
तिथे ती घरोघर म्हाताऱ्यांच्या जखमांची
मलमपट्टी करत हिंडते.
हजार मैल तिला सोळा दिवसांत झाले.
डिकीत तेलाच्या सहा बाटल्या,
एकीलाही हात लावला नाही म्हणाली,
जणू उपास मोडला नाही असं सांगावं.

जळालेलं तेल: एक क्वार्ट, वर दोन औंस.
हद्दीपलीकडे फक्त दोन औंस,
खोकल्याच्या औषधाएवढे.
मला आनंद झाला.
दुसऱ्याचं इंजिन पुरेसं बिघडलंय
याचा आनंद होणारी ही नोकरी.

मग कंपनीने पावत्या मागितल्या.
आजवर तेल बदलल्याच्या, सगळ्या.
नमनालाच घडाभर तेल,
आणि इथे तर तेलच नव्हतं.

"ऑर्विल बदलायचा. गराजमध्ये.
पावत्यांनी तो शेगडी पेटवायचा.
लिहायचा मात्र भिंतीवर."
मी म्हणालो, फोटो आणा.

तिने भिंत आणली.

करवतीने कापलेला प्लास्टरबोर्डचा चौकोन,
चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर
पट्टा लावून बसवलेला.
कडांवरून पांढरा भुगा सांडत होता.
मे ९. ४१,२०८. फिल्टर नवा.
ऑक्टोबर २. ४६,०५०. बर्फ लवकर.
मार्च. ५०,९७७. बोल्ट घट्ट, शिव्या दिल्या.
पुढच्या ओळी खाली खाली उतरत गेलेल्या,
कारण तो आधी उभा राहून लिहायचा,
मग स्टुलावर बसून,
मग कुठे बसून, ते मी विचारलं नाही.
सगळ्यात खाली वेगळं अक्षर:
*त्याने सांगितलं, मी फिरवला. ५९,४१०.*

माझ्या वडिलांनी कोंबड्यांचा हिशेब
शेडच्या दारावर खुणांनी ठेवला होता.
शेड विकली, तेव्हा दारही गेलं.
हे मी तिला सांगितलं नाही.
पट्टी बाजूला धरून फोटो काढले,
अकरा फोटो, प्रत्येक ओळीचा एक,
आणि अर्जात लिहिलं: नोंदी जोडल्या आहेत.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं.
हस्तलिखित नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत.
तथापि, सद्भावनेपोटी, साठ टक्के.
"कुणाची सद्भावना?" तिने विचारलं.
खरंच विचारत होती, टोमणा नव्हता.
मला ठाऊक नव्हतं. त्या पत्राखाली
सही नव्हती, फक्त एक क्रमांक होता.
उरलेले चाळीस तिने चार हप्त्यांत भरले.

नवं इंजिन बसलं. बोर्ड परत द्यायला गेलो तर
म्हणाली, तिथलं भोक बुजवलंय, रंगही दिला,
आता लावू कुठे?
तो माझ्या खुर्चीमागे उभा आहे.
मालक दोनदा म्हणाला, हलव.
हलवतो म्हणालो.

जूनमध्ये ती पहिलं तेल बदलायला आली.
आमच्याकडे. खिशावर शिवलेलं नाव वाचून
मला केंग म्हणाली, पहिल्यांदाच.
लाल सिग्नलला अजून आरशात बघते म्हणाली,
मागे निळा धूर नसतो.
"बरंच आहे की," मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली, "पण
कुणीतरी न सांगता उतरून गेल्यासारखं वाटतं."

मी पावती छापली: तारीख, मैल, तेलाची जात.
तिने नीट वाचली, घडी घातली,
पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.
मग माझ्या खुर्चीमागे पाहिलं
आणि विचारलं,
पेन्सिल आहे का.