उतारा, गुण चार

जॉर्जियातल्या त्या खाणगावात
शाळा वर, घरं खाली,
मधे तारेला लोंबकळणारा रोपवेचा डबा.
नदी मँगनीजने काळी.
फळा मात्र पुसून पुसून राखाडी पडलेला.
नववीचा वर्ग, दुसरा तास,
नाझिब्रोला बाई उतारा काढतात.

(माझ्या भाषेत उतारा विषावर देतात,
दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात,
तलाठ्याकडे हेलपाटे घालून आणतात.
परीक्षेत येतो तो चौथा.
त्यानेही काहीतरी उतरतंच,
बहुतेक वेळा तोंड.)

म्हातारा रोज रात्री बूट चमकवतो.
वात खाली करतो. बूट दाराशी ठेवतो, टाचा भिंतीला.
सकाळी आपल्या चपला घालून विहिरीवर जातो.
संध्याकाळी पुन्हा बूट उचलतो, ब्रश शोधतो.

प्रश्न: म्हातारा असं का करतो?
पुराव्यासह लिहा.

शोरेनाने लिहिलं, बूट हे आशेचं प्रतीक आहे.
तिच्या मागच्या चौघांनी लिहिलं, बूट हे आशेचं प्रतीक आहे.
त्यांच्याही मागे कुणीतरी आशेचा ऱ्हस्व-दीर्घ चुकवला.
बाचानाने लिहिलं, डोकं फिरलंय त्याचं,
आणि पुराव्याच्या जागी बुटाचं चित्र काढलं,
नाडीसकट. चित्र बरं होतं.

तेक्ले उभी राहिली.
म्हणाली, बाई, बूट त्याचे नाहीतच.

खिडकीबाहेर एक डबा वर आला, एक खाली गेला.

'कुठे लिहिलंय?'
'लिहिलेलं नाही. पण चपलांना 'आपल्या' म्हटलंय, तिसऱ्या ओळीत.
बुटांना तीनदा नुसतं बूट.'

बाईंनी आपली प्रत डोळ्यांजवळ नेली.
पिवळी पडलेली, कोपरे मऊ झालेली,
समासात निळ्या शाईने 'आशा',
खाली दोन रेघा.
एकोणीस वर्षं
हाच उतारा, ह्याच रेघा.
त्यांनी बोट ठेवलं, ओळीवरून सरकवलं,
परत आणलं,
पहिलीतली पोर वाचते तसं.

'तुला कसं दिसलं गं?'

तेक्लेला वाटलं काही चुकलं.
म्हणाली, आमच्याकडे सात माणसं.
दोरीवरचे मोजे मीच काढते.
कुणाचं काय, ते आधी बघावं लागतं,
नाहीतर सकाळी भांडणं.

वर्ग हसला. बाईही.
मग हसता हसता त्यांनी समासातल्या 'आशा'पुढे
पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.
खोडलं नाही काही.
आशा असेलही.
पण कुणाची, हे आता नव्याने बघायला हवं होतं.

'मग बूट कुणाचे?'
हे बाचानाने विचारलं, ज्याने वर्षभरात
खिडकी उघडू का, एवढंच विचारलं होतं.

उत्तराआधी घंटा झाली,
आणि मुलं उठली, मुलं उठतात तशी,
बाकं ढकलत.

डब्यात झिना मावशी दाराशी बसलेली,
तिकिटं फाडणारी, कडी लावणारी,
बावीस वर्षं तीच दरी वर-खाली करणारी.
बाचानाने तिला सगळं सांगितलं,
म्हातारा, वात, टाचा भिंतीला.
सांग, कुणाचे?

'मुलाचे,' ती म्हणाली. 'दुसऱ्या कुणाचे असणार?'

'पुरावा? कितव्या ओळीत?'

तिने कडी लावली.
डबा हलला, नदीवर आला, तार कुरकुरली.
तिच्या खुर्चीमागे खिळ्याला
एक पुरुषी कोट होता, खांदे झटकलेला,
बटणं वरपासून खालपर्यंत लावलेला.
रोज होता तो तिथे.
बाचाना पहिलीपासून ह्याच डब्यातून जायचा.

त्याने कोट वाचला.
मग पुन्हा एकदा, सावकाश.

खाली पोचेपर्यंत
त्याने काही विचारलं नाही.